“एमआरआय झालाय की माझा!”

आमच्या फॉर्मवर सातवा प्रश्न होता: ‘शरीरात मेटल इम्प्लांट आहे का? हो / नाही.’ ताईंनी ‘नाही’वर ठसठशीत खूण केली होती. ती बघून मी पान उलटलं.

ठाण्यातल्या एका स्किन क्लिनिकमध्ये मी थेरपिस्ट आहे. गणपती उठले की आमच्याकडे लग्नघरातल्या बायकांची रीघ लागते, कारण फॅट फ्रीझिंगचा, म्हणजे थंडीने चरबी गोठवून कमी करण्याचा, फरक दिसायला दोन-तीन महिने जातात आणि मुहूर्त डिसेंबरातले असतात. या ताईंच्या मुलीचं लग्न होतं. वय बावन्न. मी सवयीने ‘काकू’ म्हटलं, तर म्हणाल्या, “काकू नको गं, ताई म्हण. त्यासाठीच तर पैसे भरलेत.”

रिसेप्शनवर त्यांना पॅकेज विकलं होतं. आधी दोन्ही मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला फ्रीझिंग, मग पंधरा दिवसांनी त्याच भागाला चुंबकाच्या मशीनने टोनिंग, म्हणजे स्नायू घट्ट करणं. सगळं एका पावतीवर.

गाऊन घालून ताई बेडवर चढल्या त्या आधी डावा पाय टाकून, उजवी मांडी हाताने उचलून घेत. मी जेल पॅडचं पाकीट फोडलं होतं. हा पॅड कातडी आणि थंड पॅनेल यांच्यामध्ये असतो, हिमदंश होऊ नये म्हणून. तो ठेवायला गाऊन सरकवला, तर खुब्याच्या बाजूला वीतभर पांढरा व्रण, दोन्हीकडे टाक्यांचे ठिपके.

“हे काय हो?”

“जुनं आहे गं. स्कूटीवरून पडले होते.”

“ऑपरेशन झालं होतं?”

त्या छताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “रॉड आहे. 2016 पासून. लिहिलं असतं तर तू बाहेर काढलं असतंस, आधीच्या ठिकाणी तेच झालं. आणि एमआरआय झालाय की माझा, पाठीचा! एवढ्या मोठ्या चुंबकाच्या मशीनने काही झालं नाही, तुझा हा फ्रीज काय करणार?”

मला उत्तर आलं नाही. फोडलेलं पाकीट हातात घेऊन मी आमच्या डॉक्टर मॅडमना बोलवायला गेले.

मॅडमनी ताईंना एका शब्दानेही रागावलं नाही. (मला नंतर केबिनमध्ये रागावल्या, तेही रास्त होतं. तो व्रण मला पॅड ठेवताना नाही, मापं घेताना दिसायला हवा होता.) आणि त्यांनी सुरुवातच अशी केली की मी चकित झाले: “रॉड हाडाच्या आत आहे. त्याचं या थंडीशी फारसं भांडण नाही.” फ्रीझिंगमध्ये वीज शरीरात जात नाही, चुंबक नसतो. पॅनेल उणे अकरा अंशांच्या आसपास जातं आणि चरबीच्या पेशी पाण्याच्या आधी गोठतात, एवढाच सारा खेळ. बर्फाचे गोळे चोखणाऱ्या लहान मुलांच्या गालातली चरबी कमी होते, या जुन्या निरीक्षणावरून बॉस्टनच्या दोन डॉक्टरांना हे सुचलं आणि 2010 मध्ये अमेरिकेत कमरेच्या बाजूंसाठी परवानगी मिळाली. खाली स्नायूंत गरम रक्त वाहत असतं, त्यामुळे थंडी हाडापर्यंत पोचत नाही. फक्त स्क्रूचं डोकं कातडीलगत असेल तर त्यावर पॅनेल ठेवायचं नाही. त्यासाठी एक्स-रे हवा.

ताईंचा चेहरा खुलला. मॅडमनी मला दोन चमचे आणायला पाठवलं, एक फ्रीजमधला, एक कोमट पाण्यात बुडवलेला.

डोळे मिटायला सांगून मॅडम चमचे टेकवत गेल्या. डाव्या मांडीवर ताई पटापट ओळखत होत्या. उजवीकडे व्रणाच्या खाली थंड चमचा टेकवला.

“आता टेकव ना,” ताई म्हणाल्या.

टेकवलेलाच होता. तळहाताएवढा पट्टा बधिर होता. ऑपरेशनच्या वेळी कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात, काहींच्या परत जुळतच नाहीत. मशीनला सेन्सर असतात, मान्य. पण पॅड सुरकुतला, जागेवरून हलला, तर पहिली हाक पेशंटच मारतो, ‘अगं, फार चटका बसतोय.’ ती हाक ताईंनी मारली नसती. मी शेजारी मोबाइल बघत बसले असते.

ताईंच्या एमआरआयच्या मुद्द्याचा संबंध दुसऱ्या, टोनिंगच्या मशीनशी होता. टोनिंगमध्ये चुंबकाचं क्षेत्र झपाट्याने चढतं-उतरतं, त्याने स्नायूत वीज उपजते आणि स्नायू आवळतो. तशीच वीज रॉडमध्येही उपजते आणि तो तापू शकतो. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण वीज त्यातून जातेच. एमआरआयवाले रॉड कोणता ते विचारून, ठरलेल्या मर्यादेत काम करतात. टोनिंगच्या मशीनवर धातूला सरळ मनाई लिहिलेली असते. म्हणजे ज्या फ्रीझिंगला ताई घाबरून खोटं बोलल्या, तिथे रॉड दुय्यम होता, आणि जिथे खरी मनाई होती ते मशीन पावतीवर मोफत म्हणून लावलं होतं! पॅकेज जुळवणाऱ्याला एकदा त्या खुर्चीत बसवलं पाहिजे.

“मग डावीकडे तरी कर,” ताई म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या. “एका बाजूने बारीक होऊन मांडवात तिरकी चालू का मी?”

पैसे परत द्यायला रिसेप्शनने चार दिवस लावले. ताईंनी त्यातून पैठणीचा ब्लाउज शिवला, फोटो पाठवला.

सातवा प्रश्न मी पेनाने खोडून लिहिला: ‘अंगात कुठे रॉड, प्लेट, स्क्रू, पेसमेकर, कॉपर-टी? ऑपरेशनच्या जागी बधिरपणा?’ दुसऱ्या दिवशी पोटाच्या टोनिंगची चौथी सीटिंग असलेली एक मुलगी तो वाचून थांबली आणि हळूच म्हणाली, “कॉपर-टीपण धरायची का? मला आधी कुणी विचारलंच नव्हतं.”