ज्या शिल्पाला वळसा घालावा लागतो

न्यूयॉर्कमधील फेडरल प्लाझा या सरकारी कार्यालयांसमोरच्या चौकात १९८१ साली रिचर्ड सेरा यांचे ‘टिल्टेड आर्क’ हे शिल्प उभे राहिले आणि पुढची आठ वर्षे त्यावरून जो वाद झाला, तो सार्वजनिक शिल्पांविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येकाने तपशिलात जाऊन समजून घ्यावा असा आहे. ते शिल्प म्हणजे गंजाचा थरच कवचासारखा धारण करणाऱ्या पोलादाची एक सलग, किंचित वाकलेली आणि किंचित कललेली भिंत होती: लांबी १२० फूट, उंची १२ फूट, वजन ७० टनांहून अधिक. सरकारी इमारतींच्या बांधकाम खर्चातील एक छोटा वाटा कलेसाठी राखून ठेवण्याच्या योजनेतून हे काम सेरा यांना मिळाले होते आणि त्यासाठी १ लाख ७५ हजार डॉलर खर्च झाले होते. चौक ओलांडणाऱ्या माणसाला स्वतःच्या चालण्याची आणि भोवतालच्या जागेची जाणीव व्हावी, हा शिल्पकाराचा उद्देश होता. तो सफल झाला याविषयी मला शंका नाही. मात्र ज्यांना ती जाणीव कामावर येताना आणि घरी परतताना रोजच करून घ्यावी लागत होती, त्यांच्यातील पुष्कळांना ती नकोशी झाली.

शिल्प उभे राहिल्यानंतर लवकरच ते हटवावे अशा मागणीच्या अर्जांवर तिथल्या सुमारे १,३०० कर्मचाऱ्यांनी सह्या केल्या. १९८५ च्या मार्च महिन्यात जनसुनावणी झाली, तेव्हा १८० जण बोलले; १२२ जण शिल्प राहावे या बाजूचे होते आणि ५८ जण ते हलवावे या बाजूचे. तरीही पाच सदस्यांच्या समितीने चार विरुद्ध एक अशा मताने ते हलवण्याची शिफारस केली. हे शिल्प याच जागेसाठी घडवलेले असल्यामुळे ते दुसरीकडे नेणे म्हणजे ते नष्ट करणेच होय, अशी सेरा यांची भूमिका होती. ते न्यायालयात गेले, तिथेही हरले, आणि १५ मार्च १९८९ च्या रात्री कामगारांनी त्या भिंतीचे तुकडे करून ते गोदामात नेले. त्यानंतर ते शिल्प कुठेही उभे राहिलेले नाही.

या सुनावणीतील आकडे अनेकदा असे मांडले जातात, की लोकांचे बहुमत शिल्पाच्या बाजूने असूनही सत्तेने ते पाडले. मला हे वाचन अपुरे वाटते. १२२ विरुद्ध ५८ या आकड्यांवरून सुनावणीला येऊन बोलण्याची तयारी, सवय आणि सवड कोणाकडे होती एवढेच कळते. शिल्पाच्या बाजूने बोलणाऱ्यांत कलावंत, समीक्षक आणि संग्रहालयांशी संबंधित मंडळी मोठ्या संख्येने होती. त्यांचे म्हणणे मोलाचे होते, परंतु त्यांच्यापैकी फार थोड्यांना तो चौक रोज ओलांडावा लागत होता. उलट विरोधकांमध्ये, कलेचा द्वेष करणारे काही लोक वगळले तर, एक साधी आणि नेमकी तक्रार पुन्हा पुन्हा येत होती: आम्हाला सरळ चालता येत नाही, दुपारी मोकळेपणाने बसता येत नाही, पलीकडचे दिसत नाही, चौकात कार्यक्रम घेता येत नाही.

ही तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती शिल्पाच्या रूपाविषयी नाही. मोठ्या शिल्पाविरुद्ध जो गदारोळ उठतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. ‘हे कुरूप आहे, हे काय आहे ते कळत नाही, यावर इतका पैसा कशाला’ ही एक; आणि ‘यामुळे माझी जागा माझी राहिली नाही’ ही दुसरी. पहिली कितीही मोठ्या आवाजात आली तरी बहुतेक वेळा वर्षांमागून वर्षे ओसरत जाते. दुसरी हळू आवाजात येते, पण ओसरत नाही, कारण ज्या कारणाने ती निर्माण झाली ते कारण रोज सकाळी पुन्हा तिथेच उभे असते. निर्णय घेणारे मात्र दोन्हींना एकाच मापाने मोजतात. कधी दोन्ही अज्ञान म्हणून उडवून लावतात, तर कधी दोन्हींपुढे सारखेच घाबरतात.

शिकागोतील पिकासोचे शिल्प पाहिले म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. १५ ऑगस्ट १९६७ रोजी त्याचे अनावरण झाले तेव्हा संताप काही कमी नव्हता. ५० फूट उंच, १६२ टन वजनाचा तो आकार स्त्रीचा आहे, कुत्र्याचा आहे, पक्ष्याचा आहे की माकडाचा, यावर शहर वाद घालत राहिले आणि पिकासोने त्याचा उलगडा केला नाही. तो शिकागोला कधी गेलाही नव्हता. शिल्पासाठी देऊ केलेले १ लाख डॉलरचे मानधनही त्याने नाकारले आणि ते शहराला भेट म्हणून दिले. एका नगरसेवकाने तर हे हटवून त्या जागी शहराच्या लाडक्या बेसबॉल खेळाडूचा, एर्नी बँक्स यांचा, पुतळा उभारावा अशी सूचना केली. आज जे परके वाटते ते उद्या ओळखीचे होईल, असा विश्वास महापौर रिचर्ड डेली यांनी अनावरणाच्या वेळी व्यक्त केला होता, आणि झालेही तसेच.

पण ते तसे का झाले? केवळ काळ गेला म्हणून, असे मी मानत नाही. त्या शिल्पाने चौक अडवला नाही. त्याच्या भोवतीची प्रशस्त जागा मोकळी राहिली, मोर्चे आणि मेळावे तिथे भरत राहिले, आणि शिल्पाच्या उतरत्या पायावरून मुले घसरगुंडी खेळू लागली. ज्याला ते आवडत नव्हते त्याला ते न बघता आपल्या वाटेने जाता येत होते, आणि न बघता जाण्याची ही मुभा असल्यामुळेच पुढे कधीतरी थांबून बघण्याची इच्छा होऊ शकली, असे मला मनापासून वाटते. आणखी एक गोष्ट इथे नोंदवण्यासारखी आहे. या शिल्पाच्या प्रतिमेवर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही, असा निकाल न्यायालयाने १९७० साली दिला, त्यामुळे त्याचे चित्र कोणीही, कशावरही छापू शकतो. शहराने त्या आकाराशी जे नाते जोडले त्यात या निकालाचाही काही वाटा असावा.

इंग्लंडमधील गेट्सहेड येथे अँटनी गोर्मली यांचे ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ फेब्रुवारी १९९८ मध्ये उभे राहिले. उंची २० मीटर, पंखांचा विस्तार ५४ मीटर, वजन सुमारे २०० टन, खर्च सुमारे ८ लाख पौंड. आधीची काही वर्षे वर्तमानपत्रांतून आणि स्थानिक राजकारणातून त्यावर सडकून टीका झाली होती. खाणी आणि गोद्या बंद पडून बेरोजगार झालेल्या प्रदेशात एवढा पैसा एका पोलादी देवदूतावर का घालवायचा, हा प्रश्न अत्यंत रास्त होता. खर्चाचा मोठा भाग राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून आला, हे त्याचे उत्तर होऊ शकत नव्हते. महामार्गावरील चालकांचे लक्ष विचलित होईल, अशीही भीती घातली जात होती. प्रत्यक्षात अनावरणाला काही महिनेच झाले असताना न्यूकॅसलच्या फुटबॉलप्रेमींनी अॅलन शिअरर या खेळाडूच्या नावाची आणि क्रमांकाची एक अवाढव्य जर्सी त्या देवदूताला चढवली. अधिकाऱ्यांनी ती लवकरच उतरवली, परंतु मला तो प्रसंग या शिल्पाच्या इतिहासातील सर्वांत सुंदर वाटतो. ज्या लोकांना विचारले गेले नाही असे म्हटले जात होते, त्यांनी स्वतःहून ते आपल्या घरात घेतले. शिल्प जिथे उभे आहे तिथे पूर्वी कोळशाची खाण होती, आणि ते घडवले त्याच भागातल्या पोलादकामाच्या कारखान्यात. ज्या कौशल्यावर तो प्रदेश जगला होता ते त्याच्या सांध्यासांध्यांतून दिसते, आणि ते ओळखण्यासाठी कलेचे शिक्षण लागत नाही.

इथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, की वाट अडवू नका म्हणजे झाले. तितके ते सोपे नाही. इंग्लंडच्याच पूर्व किनाऱ्यावर, ऑल्डबरा येथे, संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या स्मरणार्थ मॅगी हॅम्बलिंग यांनी घडवलेले ‘स्कॅलप’ हे पोलादी शिंपल्याचे शिल्प २००३ पासून उभे आहे. ते कोणाच्याही वाटेत नाही. लोक त्यावर बसतात, मुले चढतात, समुद्राकडे बघत तिथे वेळ घालवतात. तरीही ते तिथून हलवावे यासाठी सह्यांची मोहीम झाली आणि त्यावर वारंवार रंग फेकला गेला. विरोधकांचे म्हणणे असे, की तो किनारा रिकामा होता आणि रिकामा असणे हेच त्याचे मोल होते. हे म्हणणे मी हलके मानत नाही. रिकाम्या किनाऱ्यावर चालायला येणारा माणूस त्या रिकामेपणाचा उपयोगच करत असतो, आणि तो एकदा गेला की शिल्प कितीही उत्तम असले तरी भरून निघत नाही. माझे स्वतःचे मत शिल्पाच्या बाजूने झुकते, कारण ब्रिटन यांचे संगीत त्या समुद्राशी ज्या प्रकारे जोडलेले आहे ते पाहता त्यांचे स्मारक गावातल्या एखाद्या बागेत निर्जीव झाले असते. परंतु विरोध करणारा माणूस कलाशत्रू आहे, असे म्हणण्याचा अधिकार मला त्यामुळे मिळत नाही.

रंग फेकण्याविषयी मात्र माझे मन अगदी स्पष्ट आहे. अंधारात येऊन शिल्प विद्रूप करणे ही प्रतिक्रिया नव्हे, कारण तिला उत्तर देता येत नाही. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे ‘डर्टी कॉर्नर’ हे पोलादी शिल्प २०१५ साली फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्याच्या उद्यानात मांडले गेले, तेव्हा आधी त्यावर रंग उडवला गेला आणि नंतर ज्यूद्वेषी मजकूर लिहिला गेला. असहिष्णुतेचा पुरावा म्हणून तो मजकूर तसाच राहू द्यावा, असे कपूर यांनी ठरवले. न्यायालयाने तो झाकण्याचा आदेश दिला, आणि मग त्यांनी त्यावर सोन्याचा वर्ख चढवला. कपूर यांच्या निर्णयामागची वेदना मी समजू शकतो. तरीही न्यायालयाचे बरोबर होते असे मला वाटते, कारण तो मजकूर शिल्पकारापुरता राहिलेला नव्हता. उद्यानात येणाऱ्या प्रत्येक ज्यू माणसाला तो वाचावा लागत होता.

अलीकडे आणखी एका प्रकारच्या प्रतिसादाची भर पडली आहे, आणि तो म्हणजे छायाचित्र पाहून दिलेला निकाल. बॉस्टनमध्ये जानेवारी २०२३ मध्ये हँक विलिस थॉमस यांच्या ‘द एम्ब्रेस’ या सुमारे २० फूट उंचीच्या कांस्यशिल्पाचे अनावरण झाले. मार्टिन ल्यूथर किंग यांना १९६४ साली नोबेल पारितोषिक जाहीर झाल्यानंतर त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांनी एकमेकांना मारलेली मिठी त्यात आहे. चेहरे नाहीत, केवळ हात आणि खांदे आहेत. एका विशिष्ट कोनातून काढलेली छायाचित्रे समाजमाध्यमांवर पसरली आणि काही तासांत जगभर अश्लील थट्टा सुरू झाली. त्या थट्टा करणाऱ्यांतील बहुसंख्य लोक त्या हातांच्या कमानीखाली उभे राहिलेले नव्हते. हे अन्यायाचे आहे, यात वाद नाही. पण उघड्यावरचे शिल्प सर्व बाजूंनी दिसणार, हे शिल्पकाराला आधीपासून ठाऊक असते. गैरसोयीचा कोन हासुद्धा त्या शिल्पाचाच कोन असतो. आणि चेहरे वगळण्याविषयी जी गंभीर टीका झाली, ती या थट्टेच्या गोंगाटात हरवली, याचे मला अधिक वाईट वाटते.

लंडनच्या ट्रफाल्गर चौकातील चौथ्या चौथऱ्याचे उदाहरण या संदर्भात उपाय म्हणून सांगितले जाते. राजा चौथा विल्यम याच्या अश्वारूढ पुतळ्यासाठी बांधलेला तो चौथरा पैशाअभावी दीड शतक रिकामा राहिला, आणि १९९९ पासून त्यावर ठरावीक मुदतीसाठी समकालीन शिल्पे मांडली जाऊ लागली. काम काही काळाने जाणार आहे हे ठाऊक असल्यामुळे लोक मोकळेपणाने वाद घालतात, आणि वादातला कडवटपणा कमी होतो. पद्धत चांगली आहे. पण ती सर्वत्र लागू करावी असे मी म्हणणार नाही. गेट्सहेडचा देवदूत दोन वर्षांच्या मुदतीने आला असता, तर त्याच्या सावलीत एक पिढी वाढली नसती.

मला हवी आहे ती गोष्ट याहून साधी आहे. शिल्पाची निवड करणाऱ्यांनी लोकांना ‘हे आवडते का’ एवढेच विचारू नये, कारण रेखाटन पाहून त्याचे खरे उत्तर कोणालाच देता येत नाही. तुम्ही इथून कसे जाता, कुठे थांबता, कुठे बसता, ऊन आणि वारा कसा येतो, हे विचारावे, आणि मिळालेली उत्तरे शिल्पकाराच्या हाती काम सुरू होण्यापूर्वी द्यावीत. शिल्प उभे राहिल्यावर येणाऱ्या तक्रारींपैकी जागेच्या वापराविषयीच्या तक्रारी वेगळ्या नोंदवाव्यात आणि त्यांना लेखी उत्तर मिळावे. अमेरिकेत १९९० साली झालेल्या कायद्याने शिल्पकाराला आपल्या कृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क दिला, आणि मान्यता पावलेली कृती नष्ट होऊ नये अशीही तरतूद केली. तो कायदा आवश्यक होता. चौकात रोज चालणाऱ्या माणसाला मात्र सहीच्या कागदापलीकडे काहीही मिळालेले नाही, आणि जोवर ते मिळत नाही तोवर त्याचा राग शिल्पावरच निघत राहील.