जरीला भुललेला कॅमेरा

पैठणला एका विणकामशाळेत पैठणीच्या कामाचे फोटो काढायचे होते. त्या दिवशी ऑटोफोकसची लेन्स मुद्दाम बॅगेतच ठेवली. मागावरच्या माणसाला ताण्याच्या धाग्यांमधून टिपायचं म्हटलं की ऑटोफोकस सगळ्यात पुढच्या धाग्याला जाऊन चिकटतो. हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्सला असली घाई नसते.

कॅमेरा सोनीचा फुल फ्रेम मिररलेस, लेन्स हेलिओस ४४-२. ही सोव्हिएत बनावटीची ५८ मिमी एफ/२ लेन्स जर्मनीच्या झाइस बायोटारच्या रचनेवर बेतलेली आहे. तिचं तोंड एम४२ आट्यांचं, म्हणजे ४२ मिमी व्यासाचं आणि १ मिमी पिचचं (दोन आट्यांमधलं अंतर). लेन्स बसते ती पातळी आणि फिल्म यांच्यात एम४२ ला ४५.४६ मिमी अंतर लागतं. सोनी ई माउंटचं हेच अंतर १८ मिमी आहे, म्हणून मधे २७.४६ मिमीची पोकळ नळी बसवली की काम भागतं. ॲडॉप्टर म्हणजे एवढंच, आत काच नाही. निकॉनच्या जुन्या डीएसएलआरला ही सोय नाही. तिथलं अंतरच ४६.५ मिमी, त्यामुळे काचेचा ॲडॉप्टर वापरल्याशिवाय लांबचं दृश्य फोकसमध्ये येत नाही. ॲडॉप्टर लावल्यावर कॅमेऱ्याला लेन्स दिसत नाही, म्हणून मेनूमध्ये ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करावं लागतं. नवख्याची पहिली अडचण बहुतेक हीच.

पहिले चाळीसेक फोटो एफ/२ वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून काढले. फोकस पीकिंग चालू होतं, म्हणजे फोकसमधल्या कडा स्क्रीनवर लाल रेघांनी उठून दिसतात. पदराची जरी लालभडक दिसत होती, मी निर्धास्त. दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोटो मोठे करून पाहिले तर एकाही फोटोत विणणाऱ्या मावशींचा चेहरा धारदार नव्हता.

त्यात दोन वेगळ्या चुका होत्या, पण पहिल्या नजरेत एकच वाटत होती. काही फोटोंत चेहरा मऊ, पण त्याच्या अलीकडची जरी कणाकणाने स्पष्ट होती. हा फोकस चुकल्याचा पुरावा. पीकिंग फोकस मोजत नाही, कडेवरचा उजेड-अंधाराचा फरक मोजतं. जरीची चकाकी एवढी तीव्र असते की ती थोडी फोकसबाहेर असली तरी लाल रेघ उमटतेच. एक मीटर अंतरावर ही लेन्स एफ/२ ला जेमतेम साडेतीन सेंटिमीटर खोली धारदार ठेवते. पदर आणि चेहरा यांच्यात त्याच्या कितीतरी पट अंतर होतं.

बाकीच्या फोटोंत मात्र काहीच धारदार नव्हतं आणि चकाकीचे ठिपके सगळे एकाच दिशेला ओढल्यासारखे लांबट झाले होते. हा हादरा. पण शटर १/१०० होतं आणि कॅमेऱ्याच्या आतलं स्थिरीकरण चालू होतं, मग हादरा आला कुठून? जुनी लेन्स कॅमेऱ्याला फोकल लेंथ सांगत नाही, ती मेनूमध्ये आपण भरायची असते. तिथे आदल्या कामाचा १३५ हा आकडा तसाच राहिला होता. ५८ च्या लेन्सला सेन्सर १३५ च्या हिशेबाने सावरत होता, म्हणजे हात जेवढा हलला त्याच्या दुपटीहून जास्त उलटं ढकलत होता. अशा वेळी स्थिरीकरण बंद केलेलं परवडतं.

मावशी वाकून स्क्रीन बघत होत्या. म्हणाल्या, “दादा, तुमची मशीन जरीलाच भुलायलीय की. गिऱ्हाईकं पण आधी तिथंच बघतेत.”

दुपारनंतर पीकिंग बंद केलं. फोकस मॅग्निफायर एका बटणावर घेतला आणि डोळ्याच्या पापणीवर चित्र मोठं करूनच रिंग फिरवली. इथे हेलिओस ४४-२ ची दुहेरी रिंग फार कामाची. पुढच्या रिंगवर एफ/४ ठरवून ठेवायचा, दुसरी रिंग उघडून पूर्ण उजेडात फोकस करायचा, मग न बघता ती अडेपर्यंत फिरवायची. लेन्समधली उजेड कमी-जास्त करणारी पाती बरोबर ४ वर थांबतात. ४४एम-४ सारख्या नंतरच्या लेन्सवर हे होत नाही. तिथे मागची पिन दाबली गेली तरच पाती मिटतात, म्हणून ॲडॉप्टरला आतून पिन दाबणारी कड आहे का, हे घेतानाच पाहावं.

शटर १/१०० ठेवण्याचं कारण ट्यूबलाइट. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. त्याहून वेगवान शटर वापरलं, विशेषतः सायलेंट मोडमध्ये, की फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. फणी ठोकतानाचा हात मात्र १/१०० ला पुसट होतो. त्यासाठी दिवे बंद करून खिडकीच्या उजेडात १/२५० घेतलं. खिडकी चौकटीत आली की जुन्या कोटिंगची ही लेन्स लगेच पांढुरकी पडते. ४९ मिमीचं हूड बसतं, माझं घरी राहिलं होतं. काळा कार्डपेपर रबर बँडने गुंडाळला, तेवढ्यानेही काळा रंग काळा दिसू लागला.

काठावरच्या मुनियासाठी (पोपटाच्या नक्षीसाठी) लेन्स आणि ॲडॉप्टरच्या मधे २८ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे आणखी एक पोकळ नळी लावली. हिशेब सोपा आहे: २८ भागिले ५८ म्हणजे ०.४८, सेन्सरवर वस्तू तिच्या खऱ्या आकाराच्या ०.४८ पट उमटते. ३६ मिमीच्या सेन्सरवर सुमारे ७५ मिमी रुंदीचा काठ पूर्ण चौकटभर येतो. उजेड एका स्टॉपहून, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त घटतो. एफ/८ लाही जेमतेम ३ मिमी खोली मिळते, म्हणून रिंगला हात न लावता कॅमेराच पुढे-मागे सरकवायचा. माग चालू असताना हा उद्योग करू नये. फणीच्या प्रत्येक ठोक्याला काठ हलतो. मावशींना दोन मिनिटं थांबायला सांगितलं, त्यांनीही हातातल्या तिल्ल्या (धाग्याच्या छोट्या कांड्या) खाली ठेवून पाठ सरळ करून घेतली.

संध्याकाळी नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर गेलो. रिंग थेट ∞ वर टेकवून दोन फोटो घेतले, दोन्ही मऊ आले. माझा ॲडॉप्टर थोडा आखूड आहे. अवघा ०.१ मिमी कमी भरला तरी पलीकडचा काठ रिंगवरच्या सुमारे ३४ मीटरच्या जागी फोकस होतो, ∞ वर नाही. जाड भरला तर उलटं: फोकस ३४ मीटरच्या पुढे जातच नाही. आखूड परवडतो, जाड नाही. धरणाच्या दारांच्या कडेवर मॅग्निफायरने फोकस साधला आणि रिंग जिथे थांबली तिथे पांढऱ्या नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिला. तसाच एक ॲडॉप्टरवरही दिला, कारण ही खूण त्या जोडीपुरतीच खरी आहे.