मग गुठळी ओढून का नाही काढली?

ताईच्या मेंदूच्या शिरेत गुठळी झाली होती हे कळलं की प्रत्येक जण हेच विचारतो, आणि खरं सांगायचं तर पहिल्या रात्री मी पण डॉक्टरांशी यावरूनच हुज्जत घातली होती. डिलिव्हरीला बारा दिवस झालेले, डोकं दुखतंय दुखतंय म्हणत होती, आम्ही म्हटलं जागरणाने असेल, आणि मग फिट आली. एमआर व्हेनोग्राममध्ये, म्हणजे शिरांच्या एमआरआयमध्ये, डोक्याच्या मधोमध पुढून मागे जाणारी मोठी शीर पांढरी दिसायला हवी, ती अर्ध्यातनं गायबच.

त्यात थोडा रक्तस्राव पण झालेला, आणि डॉक्टर म्हणतात हेपारिन सुरू करतोय. रक्तस्रावात रक्त पातळ करायचं?? त्यांनी केसपेपरच्या मागे पेनाने गटार काढून दाखवलं, पुढे तुंबलंय म्हणून मागे दाब वाढतोय आणि रक्त बाहेर पाझरतंय, त्यामुळे गुठळी वाढू द्यायची नाही, बाकी शरीर हळूहळू स्वतःच विरघळवतं.

ओढून काढायची तर कॅथेटर, म्हणजे बारीक लांब नळी, जांघेतल्या शिरेतून घालतात, पोटातली मोठी शीर, हृदयाचा उजवा कप्पा, मानेतली शीर असं करत करत थेट कवटीत. तिथे गुठळी सक्शनने खेचतात नाहीतर जाळीच्या स्टेंटने ओढतात, कधी विरघळवायचं औषध तिथेच सोडतात. ऐकायला भारीच! पण धमनीतल्या स्ट्रोकला हे जेवढं लागू पडतं तेवढं इथे नाही, शिरेतली गुठळी लांबलचक, फाट्याफाट्यांत शिरलेली असते आणि बारीक शिरांत कॅथेटर पोचत नाही. टू-ॲक्ट नावाची ट्रायल झाली, 67 गंभीर पेशंट, निकाल 2020 मध्ये आला. वर्षभराने कॅथेटरवाल्यांतले 67 टक्के आणि नुसत्या औषधवाल्यांतले 68 टक्के जवळजवळ पूर्ण बरे. पेशंट कमी होते हे मान्य, पण सरसकट सगळ्यांना करा असं म्हणायला आधार नाही. म्हणून हेपारिन चालू असूनही जो खालावत जातो त्याच्यासाठी हे राखून ठेवतात.

तिसऱ्या रात्री ताई गुंगीत जायला लागली तेव्हा कॅथलॅब तयार ठेवली, भावजींनी सही केली, सही कसली नुसत्या रेघोट्या, हात इतका थरथरत होता. पहाटे पाचला ताईने डोळे उघडून विचारलं, बाळाला कोण पाजतंय?

फॉर्म वापरावा लागला नाही, अजून फाइलमध्येच आहे. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, दोन ते तीनमध्ये ठेवायचाय, आणि तो काही सरळ राहत नाही.