वालुइजीला कॅप्टन कर

रविवार, रात्री पावणेअकरा

दिवसभर पावसाची रिपरिप. ताई आणि भाची सकाळीच पुण्याहून आल्या. भाचीच्या सॅकमध्ये कपडे कमी, वायरीच जास्त. आम्ही जेवून उठेपर्यंत तिनं निन्टेंडो स्विच हा गेमचा डबा टीव्हीला जोडूनही टाकला आणि विचारलं, ''मामा, फुटबॉल खेळणार का?'' कोल्हापुरात या प्रश्नाला नाही म्हणायची पद्धत नाही.

गेम 'मारिओ स्ट्रायकर्स: बॅटल लीग', 2022 चा. एका बाजूला चार जण आणि गोलकीपर. फाउल नाही, ऑफसाइड नाही, थ्रो-इन तर नाहीच, कारण मैदानाभोवती विजेचं कुंपण आहे. समोरच्याला त्यावर ढकललं की तो चर्रर्र करून थरथरतो. कुणी केळ्याची साल टाकतो, कुणी कासवाचं कवच फेकून मारतो. आई वाती वळता वळता म्हणाली, ''हा कसला रे फुटबॉल? नुसती हाणामारी.'' शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडील-दिलबहार या तालमींचे सामने बघत मोठा झालेला मी, मलाही पहिली दहा मिनिटं तसंच वाटलं.

मग मी चक्क फुटबॉल खेळायला लागलो. बटण दाबून धरून पास नेमका सोडला, तर चेंडू सरळ आणि वेगात जातो. कुणाच्या पायात न देता रिकाम्या जागेत टाकून पळताही येतं. एवढं जमल्यावर मी 3-1 ने पुढे. भाचीला यातलं काही माहीत नाही, ती सगळी बटणं एकदम दाबते. तेवढ्यात मैदानात एक चमकता गोळा पडला, तो तिनं उचलला आणि त्याच्या जोरावर हायपर स्ट्राइक नावाची खास लाथ मारली. टीव्हीवरचं चित्र शाईनं काढल्यासारखं झालं, चेंडू जाळ्यात, आणि त्या एका लाथेला गोल मिळाले दोन. 3-3! पुढे जो आधी गोल करेल तो जिंकणार. तोही तिनंच केला, अर्थात सगळी बटणं दाबून.

राग आला हे इथं कबूल करतो. चाळीस वर्षांचा माणूस नऊ वर्षांच्या पोरीवर चिडतोय, म्हणून उठून चहा टाकला.

पण दोन गोलांची ती लाथ काढून टाकली तर? मागे मित्राकडे 'मारिओ टेनिस एसेस' खेळलो होतो, 2018 चा. त्यात नेम धरून मारलेला फटका अडवताना वेळ चुकली की अडवणाऱ्याच्या रॅकेटला मार बसतो, असं होत होत ती मोडते, आणि सगळ्या रॅकेटी मोडल्या की गुण काही असोत, सामना संपला. मला ते पटेना. म्हणून हे सगळे चाळे बंद करून साधं टेनिस लावलं. दोन संध्याकाळी खेळलो आणि कंटाळलो. खरं टेनिस खेळायचं तर त्याहून चांगले गेम पडलेत. म्हणजे जो पोरकटपणा मला नको होता, त्याच्याच जिवावर ते सगळं उभं होतं.

स्ट्रायकर्सचीही तीच गत. भाची झोपल्यावर एकट्यानं गेममधली एक स्पर्धा, म्हणजे एक कप, खेळून बघितला. असे सहा कप आहेत, पण शेजारी ओरडायला कुणी नसलं की विजेच्या कुंपणाचं हसू येत नाही. उरतात ते पास. ते चांगले आहेत, पण रात्रभर बसावं इतके नाहीत.

संध्याकाळची एक गोष्ट लिहायची राहिली. भाची दर वेळी गेममधल्या वालुइजी या खेळाडूला घेते. लांब टांगा, जांभळी टोपी, वाकड्या मिशा. तो जिंको वा हरो, त्याच्या थोबाडाकडे बघून ती लोळते. हा गडी पहिल्यांदा दिसला तो 2000 सालच्या 'मारिओ टेनिस'मध्ये, मारिओचा वैरी वारिओ, त्याला दुहेरीत जोडीदार हवा म्हणून. नाव म्हणजे जपानी 'वारुई', वाईट, आणि त्याला जोडलेला लुइजी, म्हणजे मारिओचा भाऊ. हे मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं.

''मग त्याचा स्वतःचा गेम कुठला?''

''नाहीये. मारिओचा आहे, लुइजीचा आहे, वारिओचासुद्धा आहे. याचा नाही.''

''मारिओसारखा राजकन्येला सोडवायला पण जात नाही?''

''नाही. टेनिस असलं, गोल्फ असलं, फुटबॉल असलं की येतो.''

तिनं जरा विचार केला.

''म्हणजे हा एकटाच खरा प्लेअर आहे. बाकीचे सुट्टीत येतात.'' आणि माझ्या हातातला रिमोट घेऊन माझ्या संघातल्या मारिओला काढून तिनं वालुइजीला कॅप्टन केलं. पुढचा सामना मी 5-2 ने हरलो.