कायबोतांचं घर

पॅरिसच्या आग्नेयेला, लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर येर नावाचं गाव आहे. त्याच नावाच्या नदीकाठी 11 हेक्टरच्या बागेत एक पांढरंशुभ्र घर उभं आहे. पुढे खांबांची ओळ, थाट इटलीचा. सगळे त्याला कायबोतांचं घर म्हणतात.

खरं तर हे खांब कायबोतांचे नव्हेत. 19व्या शतकाच्या पूर्वार्धात बोरेल नावाच्या माणसाने घराला हे रूप दिलं. तो पॅरिसमधल्या ‘रोशे द कांकाल’ या नामांकित खाणावळीचा मालक. लोकांना कालवं खिलवून इटालियन खांब उभारणाऱ्या या गृहस्थाचं मला भारी कौतुक वाटतं! पुढे नेपोलियनचा सोनार ब्येने याच्या घराण्याकडे वास्तू गेली, आणि भारीपैकी लाकडी सामान आलं ते त्यांच्याबरोबर. 1860 मध्ये मार्सियाल कायबोत यांनी ती विकत घेतली. लष्कराला अंथरूण-पांघरूण पुरवून त्यांनी पैसा केला होता. 1874 मध्ये ते वारले, 1878 मध्ये त्यांची बायको, आणि पुढच्याच वर्षी मुलांनी घर विकून टाकलं. म्हणजे उणीपुरी 19 वर्षं.

तरी नाव त्यांचंच राहिलं, कारण त्यांचा मुलगा ग्युस्ताव चित्रं काढायचा. इथली त्याची ऐंशीच्या वर चित्रं आहेत, आणि त्यांत खांबांची मिरवणूक फारशी नाही. आहेत त्या सुट्टीतल्या लांबलचक दुपारी. 1876 च्या एका चित्रात घरच्या बायका अंगणात बसल्यात, एक वाचतेय, बाकीच्या माना खाली घालून सुईदोऱ्यात गुंतलेल्या. कुणी कुणाशी बोलत नाही. कापडावर उभं राहिलेलं घर, आणि बायकांच्या हाती पुन्हा कापडच! श्रीमंती त्याने रंगवली ती तिच्यातल्या कंटाळ्यासकट, म्हणून मला तो आवडतो. दुसऱ्या एका चित्रात भाजीच्या वाफ्यांना झारीने पाणी घालणारे माळी आहेत, अनवाणी. तिसऱ्यात नुसता पाऊस: नदीच्या पाण्यावर थेंबांची वर्तुळं, माणूस एकही नाही. बिलियर्डच्या खोलीचं चित्र तर अर्धवटच राहिलं.

1973 मध्ये नगरपालिकेने ही जागा विकत घेतली. घराची डागडुजी झाली, खोल्या त्या काळासारख्या सजवल्या, आणि बिलियर्डचं टेबलही आता जागेवर आहे. भाजीचा मळा स्वयंसेवक पिकवतात. (चित्रातल्या माळ्यांना मजुरी तरी मिळत असणार.)

ग्युस्तावने पुढे सेन नदीकाठी, प्ती-जेनव्हिल्येला, स्वतःच्या हौसेने घर केलं. तिथे त्याने बाग फुलवली, शिडाच्या होड्यांचे आराखडे काढले, आणि 1894 मध्ये तिथेच तो वारला. ते घर आज उरलेलं नाही. जतन झालं ते वडिलांनी घेतलेलं, त्याने विकून टाकलेलं. आता तिकीट काढून लोक त्याला भेटायला येतात ते तिथेच.