पुलाच्या अलीकडे शाळा सुरू, पलीकडे बंद

स्वीडनचं माल्मो आणि डेन्मार्कचं कोपनहेगन यांच्यामध्ये समुद्राची चिंचोळी पट्टी आहे आणि तिच्यावर ओरेसुंडचा पूल. आगगाडीनं पाऊण तासाच्या आत माणूस एका देशातून दुसऱ्या देशात पोहोचतो. अलीकडे राहून पलीकडे नोकरी करणारे हजारो लोक आहेत. मार्च २०२० मध्ये, कोविडची साथ पसरत असताना, या पुलाच्या दोन टोकांना दोन उलटे निर्णय झाले. डेन्मार्कनं ११ मार्चला शाळा बंद करायचं जाहीर केलं आणि १४ तारखेला सीमाही बंद केली. स्वीडननं १७ मार्चला फक्त गिम्नासियेट, म्हणजे नववीनंतरची तीन वर्षं, आणि विद्यापीठं घरून चालवायला सांगितली. बालवाडी ते नववी शाळा भरतच राहिली.

त्यावरून आपल्याकडच्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर झालेले वाद बहुतेक ‘स्वीडन शूर की बेफिकीर’ यातच अडकले. कुठल्या वयाची मुलं, किती आठवडे आणि मूल घरी राहिलं तर त्याला सांभाळायला कोण, हे कुणी विचारलं नाही. ते विचारल्याशिवाय ‘शाळा बंद ठेवणं बरोबर होतं का’ याला उत्तरच देता येत नाही.

स्वीडनला शाळा उघड्या ठेवणं परवडलं ते आधीपासून असलेल्या एका सोयीमुळे. इथे मूल आजारी पडलं की आई किंवा बाबा कामावर कळवतात, सामाजिक विमा कार्यालयाकडे अर्ज टाकतात आणि घरी थांबतात. याला ‘वाब’ म्हणतात. मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत, साधारण बारा वर्षांचं होईपर्यंत, पगाराच्या ८० टक्क्यांच्या आसपास पैसे मिळतात. (वर मर्यादा आहे, त्यामुळे गलेलठ्ठ पगारवाल्यांना ते प्रमाणात कमी पडतात.) स्वतः आजारी पडलं तर सुरुवातीला थोडी पगारकपात होते, ११ मार्च २०२० पासून तिची भरपाई सरकारनं द्यायला घेतली. त्यामुळे ताप लपवून कामावर जायचं आणि तापलेल्या मुलाला गोळी देऊन शाळेत सोडायचं कारणच उरलं नाही. शाळेचा नियम याच सोयीवर उभा होता: नुसतं नाक गळत असलं तरी मूल घरी, आणि बरं वाटल्यावर आणखी दोन दिवस घरी.

कागदावर हे सोपं दिसतं. पण बालवाडीतल्या मुलाचं नाक इथे ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत गळतच असतं. पालक म्हणणार ॲलर्जी आहे, शिक्षिका म्हणणार घेऊन जा. दोन दिवस घरी, एक दिवस शाळेत, पुन्हा तीन दिवस घरी असं चालायचं, आणि शिक्षकही याच नियमानं घरी बसायचे, त्यामुळे उरलेल्यांवर ताण. शेवटी नियम सैल करावा लागला: लक्षणं सुरू होऊन सात दिवस झाले, ताप नाही, मूल नेहमीसारखं हुंदडतंय आणि किरकोळ खोकला तेवढा उरलाय, तर येऊ द्या.

शाळेच्या आत फार काही बदललं नाही. मुलांना मास्क नव्हता. पालकांना दाराबाहेरच थांबवायचे, जेवणाच्या वेळा मागेपुढे केल्या, साबणानं हात धुणं वाढवलं. नववीपर्यंत शाळेत फुकट जेवण देणं इथे कायद्यानं बंधनकारक आहे. एरवी मुलं स्वतः वाढून घेतात. बऱ्याच ठिकाणी ते थांबवून वाढपी उभे केले, कारण पन्नास हातांतून फिरणारा एकच डाव कुणालाच नको होता.

या व्यवस्थेला जाचक बाजूही होती. नववीपर्यंत हजेरी सक्तीची आहे, आणि घरी बसून शिकवायला इथे जवळजवळ परवानगीच नाही. घरात कुणी हृदयरोगी किंवा मधुमेही आहे म्हणून धडधाकट मूल भीतीपोटी घरी ठेवलं तर शाळेकडून विचारणा होणार, आणि गैरहजेरी लांबली तर प्रकरण समाजसेवा विभागाकडेही जाऊ शकत होतं. बाहेरून आलेल्या कुटुंबांना हे फार लागलं. मायदेशी सगळं बंद, आणि इथलं सरकार म्हणतंय पाठवलंच पाहिजे!

पलीकडे डेन्मार्कनं शाळा बंद केल्या खऱ्या, पण महिन्याभरात उघडल्याही. युरोपात सर्वांत आधी, १५ एप्रिल २०२० पासून. आधी उघडल्या त्या लहानांच्या: पाळणाघरं, बालवाड्या आणि पाचवीपर्यंतचे वर्ग. मोठी मुलं मे महिन्याच्या मध्यानंतर आली. त्यामागचा हिशेब साधा होता. सात वर्षांचं मूल पडद्यासमोर एकटं शिकत नाही, त्याच्याजवळ कुणीतरी बसावं लागतं, म्हणजे एका पालकाचं काम बुडतं. पंधरा वर्षांच्या मुलाचं निदान निम्मं शिक्षण तरी लॅपटॉपवर होतं. शिवाय लहान मुलांना हा आजार सौम्य होतो, हे तोवर दिसू लागलं होतं.

उघडण्याची तयारी मात्र कसून केलेली होती. बाकांमध्ये सुरुवातीला दोन मीटर अंतर, मे महिन्यात ते एक मीटरवर आणलं. वर्गाचे छोटे गट पाडले; प्रत्येक गटाची खोली ठरलेली, मैदानाचा कोपरा ठरलेला, शाळेत यायची वेळही वेगळी. किमान दर दोन तासांनी हात धुणं. जमेल तितकं शिक्षण उघड्यावर. ही तयारी करायला वेळ लागला म्हणून १५ तारखेला साऱ्या शाळा उघडल्याच नाहीत; बऱ्याच शाळा पुढचे काही दिवस घेऊन उघडल्या. अडचण मुख्यतः जागेची आणि माणसांची झाली. एका वर्गाचे दोन गट केले की खोल्या दुप्पट लागतात, शिक्षकही दुप्पट लागतात. ते कुठून आणणार? म्हणून शाळेचे तास कमी करावे लागले. आणि साबणानं इतक्या वेळा हात धुऊन मुलांच्या बोटांच्या पेरांवर लाल चट्टे उठले, कातडीला भेगा पडल्या. धुतल्यावर मलम लावा, अशी सूचना नंतर जोडावी लागली. ‘माझं मूल प्रयोगाचा ससा नाही’ असं म्हणणारा पालकांचा मोठा गटही फेसबुकवर उभा राहिला होता. उघडल्यानंतर लागण उसळली नाही, तसा तो आवाज मावळला.

आता परिणाम. स्वीडनमध्ये एक ते सोळा वयाची सुमारे साडेएकोणीस लाख मुलं. मार्च ते जून २०२० या चार महिन्यांत त्यांतली १५ मुलं कोविडमुळे अतिदक्षता विभागात गेली, एकही दगावलं नाही. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का या वैद्यकीय संस्थेच्या योनास लुडविगसन यांनी प्रसिद्ध केलेले हे आकडे आहेत. (त्यावरून त्यांना इतकी शिवीगाळ झाली की त्यांनी कोविडवरचं संशोधन सोडून दिलं.) शाळा उघड्या ठेवणाऱ्यांचे समर्थक इथेच थांबतात. थांबू नये. मुलं वाचली म्हणजे शिक्षक वाचले असं होत नाही. अर्थतज्ज्ञ योनास व्लाकोस आणि सहकाऱ्यांनी नववीपर्यंतच्या उघड्या वर्गांना शिकवणारे आणि घरून गिम्नासियेटला शिकवणारे शिक्षक यांची तुलना केली. उघड्या शाळेतल्यांना लागण होण्याची शक्यता साधारण दुप्पट निघाली, त्यांच्या जोडीदारांनाही धोका वाढलेला दिसला. पालकांमध्ये फरक होता, पण थोडाच. थोडक्यात, उघड्या शाळेची किंमत होती आणि ती मुख्यतः शिक्षकांनी मोजली. असं असून लसीकरणात स्वीडननं शिक्षकांना वेगळं प्राधान्य दिलं नाही, वयानुसारच रांग ठेवली. हे आमच्या मते चुकलंच.

अभ्यासाचं काय झालं? इथे दोन्ही बाजूंच्या लोकांना गप्प करणारा आकडा आहे. पंधरा वर्षांच्या मुलांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१८ ते २०२२ दरम्यान स्वीडनचे गणिताचे गुण ५०२ वरून ४८२ वर आले. डेन्मार्कचे ५०९ वरून ४८९ वर. दोघेही २० गुणांनी खाली! तेव्हा शाळा उघडी होती की बंद, एवढ्या एका कारणानं या वयाचं गणित सुटत नाही. लहानांचं मात्र वेगळं दिसतं. स्वीडनच्या पहिली ते तिसरीच्या वाचनात घसरण आढळली नाही. डेन्मार्कमध्येही साथ सुरू होऊन वर्ष उलटलं तरी वाचनात मोठी घट दिसली नाही; तिथे घरोघरी संगणक होते. पण संगणक म्हणजे हमी नव्हे. नेदरलँड्समध्ये इंटरनेट उत्तम, शाळा आठच आठवडे बंद, तरी मुलं सरासरी वर्षाच्या पंचमांश अभ्यासानं मागे पडली, आणि कमी शिकलेल्या आईवडिलांची मुलं आणखी जास्त.

आठ आठवड्यांनी नेदरलँड्सची ही गत. भारतात बंदी लांबली ती दीड वर्षाच्या वर. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांत केलेल्या पाहणीत ग्रामीण भागातली फक्त ८ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती; ३७ टक्के मुलं काहीच शिकत नव्हती. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीच्या अहवालात तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ उरली. २०२४ मध्ये प्रमाण पुन्हा २७.१ वर आलं, हे शिक्षकांचं मोठंच काम. पण मधल्या काळात ज्यांची पहिली-दुसरी बुडाली ती मुलं आता वरच्या वर्गांत आहेत.

स्वीडनची नक्कल मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं करायला हवी होती, असं आम्ही म्हणणार नाही. एका खोलीत पन्नास मुलं, घरी आजी-आजोबा, हातावर पोट असलेल्या बापाला मुलाच्या तापासाठी भरपगारी रजा नाही. तिथे ‘सर्दी झाली तर घरी ठेवा’ हा नियम पहिल्याच आठवड्यात कोसळला असता. तेव्हाची बंदी योग्य होती. चुकलं ते पुढे, उघडण्याच्या क्रमात.

डेन्मार्कनं लहानांपासून सुरुवात केली, महाराष्ट्रानं मोठ्यांपासून. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावी, जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवी, मग दुसरी लाट आणि पुन्हा टाळं. बोर्डाच्या परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून आखलेला हा क्रम, पण ज्यांना पडद्यावर शिकता येत नाही नेमकी तीच मुलं रांगेत शेवटी गेली. पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य घरी पोचत होतं. अक्षरओळख अशी पिशवीत भरून वाटता येत नाही. आणि साधनं अगदीच नव्हती असंही नाही. जुलै २०२१ मध्ये कोविडमुक्त गावांसाठी शासनानं जो नमुना दिला तो डेन्मार्कच्या जवळचाच होता: ग्रामपंचायतीचा ठराव, सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती, वर्गात १५ ते २० मुलं, एका बाकावर एक. पण तो होता आठवी ते बारावीसाठी. जिल्हा परिषदेच्या शाळेला समोरासमोर खिडक्या, ओटा, अंगण असतं. बंद खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड हजार पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत हजार भागांच्या) खाली ठेवायला स्वीडनमधल्या शाळांना हवा खेळती ठेवणारी यंत्रं लावावी लागतात. ओट्यावर बसवलेल्या पंधरा मुलांना ती लागत नाहीत. पावसाचे दिवस सोडले तर दुसरीचा वर्ग आंब्याखाली सहज भरला असता.

महाराष्ट्रात हॉटेलं आणि बार निम्म्या क्षमतेनं उघडले ५ ऑक्टोबर २०२० ला. सगळ्या शिक्षकांना लस द्यायची तारीख केंद्रानं ठरवली ५ सप्टेंबर २०२१. पहिली ते चौथीचे वर्ग राज्यात उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला, मुंबईत १५ डिसेंबर, आणि जानेवारीत ते पुन्हा काही आठवडे बंद झाले.