मिल लॅक्सच्या बर्फावर अडकलेले तंबूचे दांडे

जानेवारीतल्या शनिवारी पहाटे चारला मिनिॲपोलिस सोडलं. मी, माझी अकरा वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे शेजारी, जे लहानपणापासून बर्फावर मासेमारी करत आलेत. 169 नंबरच्या हायवेने साधारण शंभर मैल उत्तरेला मिल लॅक्स तळं. विस्तार सुमारे 1,32,000 एकर, पण सगळ्यात खोल जागीसुद्धा 42 फुटांच्या आसपासच. बर्फ धरला की ते एक मोकळं पठार होतं आणि वाऱ्याला अडवायला काहीच नसतं. तंबूशिवाय तिथे लहान मुलाला घेऊन जाऊच नये.

उजाडता उजाडता तळ्याकाठच्या गॅरिसन गावी पोचलो. तिथला वॉलाय माशाचा प्रचंड पुतळा बघून झाला, गळाला लावायचे छोटे मासे घेतले आणि बर्फाची चौकशी केली. मिनेसोटाच्या नैसर्गिक संपदा खात्याचा हिशोब असा: पायी जायला किमान 4 इंच, छोट्या गाडीला 9 ते 10 इंच, तेही नव्या, स्वच्छ बर्फाचे. पांढरा, बर्फवृष्टीने बनलेला थर असेल तर जाडी दुप्पट धरायची. आम्ही गाडी किनाऱ्यावरच ठेवली, स्लेड (बर्फावरून ओढायची घसरगाडी) ओढत अर्धा मैल गेलो आणि वाटेत दर थोड्या अंतरावर भोक पाडून बघत राहिलो. तंबू लावला तिथे 11 इंच भरले.

आमचा तंबू फ्लिप-ओव्हर जातीचा. स्लेडलाच दांडे जोडलेले असतात. ते उचलायचे, नळीतून नळी बाहेर ओढायची, खटका भोकात बसला की कापड ताणलं जातं. तापमान उणे 20 सेल्सिअस. पहिले दोन दांडे सुटले, तिसरा हलेना.

"बाबा, खटका आत दाबला जातोय, पण नळी येत नाहीये," मुलगी म्हणाली. तिने टॉर्च धरला. दोन नळ्यांच्या मधल्या फटीत काचेसारखी बारीक कडी होती, केसाइतकी जाड. एवढीशीच, पण पूर्ण गोल.

मी घाईत बर्फ काढायच्या झाऱ्याच्या दांड्याने दोन ठोके मारले. हीच चूक इतरांनी करू नये. ॲल्युमिनियमची नळी मऊ असते. तोंडाशी पोचा पडला आणि बर्फ वितळल्यावरही नळी त्या पोच्याला घासत राहिली. पकडीने धरून पिळलं तरी तेच होतं.

शेजाऱ्यांनी मला थांबवलं. त्यांच्याकडे हातमोज्यात ठेवायच्या गरम पुड्या होत्या. दोन पुड्या सांध्याभोवती लावून वर लोकरी मोजा गुंडाळला आणि पंधरा मिनिटं दांड्याला हात लावू दिला नाही. ऊब बाहेरच्या नळीला आधी लागते, ती किंचित फुगते आणि बर्फ सुटतो. मग गोल नळी असेल तर ओढता ओढता डावी-उजवीकडे फिरवायची, चौकोनी असेल तर नुसती हलकेच मागेपुढे करायची. गरम पाणी ओतू नका, ते आत शिरून पुन्हा गोठतं. तोंडाने फुंकरही नको, श्वासात ओल असते आणि ओठ धातूला चिकटतात. हीटरजवळ दांडा धरायचा मोहही टाळा, कापड तिथेच लोंबत असतं.

दांडा सुटला आणि दुपारपर्यंत छान गेलं. दोन वॉलाय आणि बरेच पर्च मिळाले. पण परतताना वेगळाच दांडा अडकला, आणि तो मिटत नव्हता. न उघडणाऱ्या दांड्यापेक्षा हे जास्त त्रासाचं, कारण स्लेड बंदच होत नाही. शेवटी पिन काढून दांडा सोडवला आणि गाडीत डिकीपासून पुढच्या सीटपर्यंत आडवा टाकून घरी आणला.

या दुसऱ्या दांड्याचं कारण मला गाडी चालवताना उमगलं. हीटरमधला प्रोपेन गॅस जळताना पाणी तयार होतं. एक पौंडाचा छोटा सिलिंडर संपला की जवळजवळ पाऊण लिटर पाणी वाफेच्या रूपात तंबूत येतं, शिवाय आपले श्वास वेगळेच. ही वाफ थंड दांड्यांवर धरते. तंबू उघडला की क्षणात तिची साय गोठते, आणि त्या सायीसकट नळी आत जाणार कशी? सकाळचा दांडाही असाच आदल्या खेपेला गॅरेजमध्ये ओला मिटून ठेवलेला होता. आपल्याकडे पावसाळ्यात ओली छत्री ओट्यावर उघडी ठेवतात, मिटून कोपऱ्यात उभी करत नाहीत. इथेही तेच करायचं होतं, मी केलं नव्हतं.

घरी पुड्यांनीच दांडा सोडवला आणि गॅरेजमध्ये सगळे दांडे वेगळे केले. आतली नळी तिरकी धरली तर चमचाभर तांबूस पाणी ओघळलं. तांबूस, कारण खटक्याची व्ही आकाराची स्प्रिंग पोलादी होती आणि गंजलेली. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ स्लेडला लागून आत जातं, गंज त्यामुळेच लवकर येतो. म्हणून आधी कोमट पाण्याने मीठ धुतलं, दोरीला फडकं बांधून नळीतून ओढलं आणि रात्रभर वाळवलं. ॲल्युमिनियमवरची पांढरी भुकटी 400 नंबरच्या पॉलिश पेपरने काढली. तारेची घासणी वापरू नका, तिचे लोखंडी कण रुतून बसतात आणि गंजतात. भोकाच्या काठाला बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, आली होती, ती गोल कानशीने घासली. पोचा आतून गोल लाकडी दांडका घालून हळूहळू सरळ केला. पूर्ण गेला नाही, पण नळी सरकते. स्प्रिंगा नव्या घातल्या.

वंगणाबद्दल मला ठाम सांगायचंय: ग्रीस आणि तेल नको. थंडीत ते घट्ट होतं आणि धूळ धरून ठेवतं. कोरडा सिलिकॉन स्प्रे फडक्यावर मारून नळी पुसा, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुन्हा पुसा. बोटाला ओशट लागलं तर जास्त झालं समजा. आमच्या नळ्या गोल आहेत, म्हणून खटक्याच्या सरळ रेषेत मार्करने लांब रेघ मारली. अंधारात, जाड मोजे घालूनही भोक लगेच सापडतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा मिल लॅक्सलाच गेलो. निघायच्या आधी हीटर बंद केला, पण तंबू लगेच उघडला नाही. आत ऊब होती तोवर मुलीने एकेक दांडा कोरड्या फडक्याने पुसला आणि पुसल्या पुसल्या मिटला. मी खालचं सामान आवरेपर्यंत चारही झाले होते. दिवसभर मात्र छताची खिडकी थोडी उघडी ठेवली होती. वाफेसाठी तर खरीच, पण त्याहून जास्त कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूसाठी. त्याचा अलार्म सोबत ठेवल्याशिवाय तंबूत हीटर पेटवू नका.

आता घरी आल्यावर स्लेड गॅरेजमध्ये उघडूनच ठेवतो, दांडे पूर्ण बाहेर काढून, दोन दिवस. गाडी तेवढे दिवस बाहेर उभी असते.